कृष्णधवल छायाचित्रांची ‘साफसफाई’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी कृष्णधवल छायाचित्रे संगणकाकडून स्वच्छ आणि रंगीत करून छापण्याची पद्धत अलीकडे पुरवण्यांतून रूढ होत चालली आहे. स्टुडिओत काढलेल्या कौटुंबिक छायाचित्रांबाबत तिला कोणी हरकत घेणार नाही. मात्र रस्त्यावर, गर्दीत, क्षणार्धात फिल्मवर टिपलेल्या छायाचित्रांवर हा प्रयोग केला की त्यांतला जीवच जातो.

छायाचित्रकार रघु राय यांनी १९९५ मध्ये चर्चगेट स्थानकावर टिपलेले छायाचित्र पाहावे. कॅमेऱ्याचे शटर मंद, म्हणजे अधिक वेळ उघडे, ठेवल्यामुळे लोटणारी गर्दी धूसर होऊन वाहून गेली आहे आणि तिच्यात वर्तमानपत्रात डोके खुपसून स्थिर राहिलेली माणसे तेवढी ठळक उरली आहेत. रंग नसल्याने कोणाचा शर्ट किंवा एखादी पाटी मध्ये डोकावत नाही. धावणे आणि थांबणे यांतला फरक तेवढा नजरेत भरतो. तिथला प्रत्येक चेहरा रेखीव केला, तर मुंबईकराला रोज दिसते तेवढीच गर्दी हाती लागेल. जपानचे छायाचित्रकार दाइदो मोरियामा यांनी १९७१ मध्ये मिसावा येथे टिपलेल्या भटक्या कुत्र्याचेही तसेच. त्याच्या अंगावरचे खरखरीत कण पुसले, की मागे वळून पाहणारी ती संशयी नजर एखाद्या पाळीव प्राण्याची वाटू लागेल!

हे कण, म्हणजेच ‘ग्रेन’, कुठून येतात, हेही ध्यानात घ्यावे. उजेड कमी असला की ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचे माप) फिल्म १६०० ची समजून वापरायची आणि रोल डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, अधिक वेळ ठेवायचा, हा वृत्तछायाचित्रकारांचा नेहमीचा उपाय होता. त्यामुळे सावल्यांतला तपशील काळ्यात बुडतो, मधल्या करड्या छटा आटतात आणि ग्रेन जाड होतो. म्हणजे तो क्षण किती अंधारात, किती घाईत पकडला, याची नोंद निगेटिव्हवरच राहते. संगणक त्या काळ्या भागात डोळे, सुरकुत्या, कापडाची वीण भरतो, तेव्हा फिल्मवर कधीच न उमटलेली गोष्ट वाचकापुढे ठेवली जाते. वृत्तपत्राच्या दृष्टीने ही बाब सौंदर्यहानीपेक्षा गंभीर आहे.

वृत्तपत्राच्या कागदावर असा ग्रेन नीट उतरत नाही, ही छपाईची अडचण खरी आहे. तरीही छायाचित्रात असे फेरफार केले असल्यास खाली तसे स्पष्ट नमूद करावे आणि मूळ प्रत, निदान लहान आकारात, शेजारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे