फितूर सापडला, पण प्रश्न तसाच राहिला

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत एका नवोदित लेखकाच्या पहिल्याच हेरकादंबरीचे परीक्षण आले, ते वाचून मी पुस्तक मागवले आणि दोन रात्रींत संपवले. परीक्षणकर्त्यांनी कथानकाचा वेग आणि अखेरच्या प्रकरणातील कलाटणी यांची मनापासून स्तुती केली आहे. वेगाबद्दल माझे दुमत नाही. मात्र ज्या कलाटणीचे त्यांना कौतुक वाटले, नेमकी तिथेच ही कादंबरी घसरते असे माझे मत आहे. शेवट सांगितल्याशिवाय ते मांडता येणार नाही, तेव्हा ज्यांचे पुस्तक वाचायचे राहिले आहे त्यांनी हे पत्र बाजूला ठेवावे.

मी एका शासकीय कार्यालयात आवक-जावक बारनिशीवर, म्हणजे टपालाच्या नोंदवहीवर, ३१ वर्षे काढली, त्यामुळे कादंबरीचा पूर्वार्ध मला फार खरा वाटला. दुबईहून निघालेली एक खबर दिल्लीत दोन निरनिराळ्या यंत्रणांकडे पोहोचते, दोन्हीकडे तिला वेगळा क्रमांक पडतो, दोघेही एकाच माणसाला आपला स्वतंत्र सोर्स समजून पैसे देत राहतात आणि एकाच तोंडातून आलेली बातमी ‘दोन सूत्रांकडून दुजोरा’ मिळाल्याच्या शेऱ्यासह वर जाते. हा सगळा भाग लेखकाने एकही गोळी न झाडता रंगवला आहे. ‘रॉ’ १९६८ साली इंटेलिजन्स ब्युरोचे परदेशविषयक काम वेगळे काढूनच उभी राहिली आणि तिचे पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव हेही ब्युरोतूनच आलेले; एका घरातून वेगळ्या झालेल्या भावांमध्ये बांधावरून जे चालते, तेच लेखकाने या दोन खात्यांमध्ये दाखवले आहे. कादंबरीतला तो न फोडता पडून राहिलेल्या लखोट्याचा प्रसंग वाचताना तर मला आमचेच कार्यालय आठवले. साहेबांच्या नावाने आलेला ‘गोपनीय’ लखोटा त्यांच्याखेरीज कोणी फोडायचा नाही, या नियमापायी एक तातडीचा कागद आमच्याकडे शनिवारपासून मंगळवारपर्यंत कपाटात पडून राहिला होता. साहेब रजेवर होते. त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. प्रत्येकाने नियमच पाळला होता.

असे असताना शेवटी लेखक काय करतो? खबर दडपली गेली ती सहसंचालक हुद्द्यावरचा एक अधिकारी शत्रूला विकला गेल्यामुळे, असा उलगडा करतो, नायक त्या अधिकाऱ्याला गाठतो आणि पुस्तक संपते. आपल्या मराठी मनाला फितुरीचे उत्तर फार लवकर पटते. कोणताही पराभव सांगायला बसलो की आपण आधी फितूर शोधतो. परंतु त्या एका फितुराने पूर्वार्धातील अडीचशे पानांवर पाणी पडते, कारण मग ते दोन क्रमांक, तो दुजोरा, तो लखोटा यांतले काहीच चुकलेले नव्हते, माणूस तेवढा चुकीचा होता, असे ठरते.

प्रत्यक्षात काय घडते ते २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याने आपल्याला दाखवलेले आहे. दाऊद गिलानी या इसमाने २००६ मध्ये अमेरिकेत डेव्हिड हेडली असे नाव घेतले, अमेरिकी पासपोर्टवर भारताचा व्हिसा मिळवला, ताडदेवला इमिग्रेशन सल्ल्याच्या कार्यालयाचा आडोसा उभा केला आणि पुनःपुन्हा येऊन हल्ल्याच्या जागांचे चित्रीकरण केले. इतकेच काय, हल्ल्यानंतर मार्च २००९ मध्ये तो पुन्हा भारतात येऊन गेला. त्याला आत सोडायला कोणा फितुराची गरज पडली नाही. नाव आणि पासपोर्ट एवढ्यावर भागले. हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीनेही गुप्तवार्ता हाताळण्यातील गोंधळावरच बोट ठेवले. कारगिलनंतर २००१ मध्ये वेगवेगळ्या यंत्रणांची माहिती एकत्र यावी म्हणून मल्टी एजन्सी सेंटर स्थापन झाले होते, तरीही २००८ टळले नाही. ज्याला हेरकादंबरी लिहायची आहे त्याच्यासाठी यापेक्षा भयंकर कथाबीज कोणते असेल? गद्दार पकडता येतो, गोंधळाला बेड्या घालता येत नाहीत.

नायकाविषयी थोडेसे. ‘रॉ’चा हा अधिकारी पुण्यात शिरून स्वतः संशयितांना अटक करतो. अटकेचा अधिकार ना ‘रॉ’ला आहे ना इंटेलिजन्स ब्युरोला; ते काम राज्याचे पोलीस, दहशतवादविरोधी पथक किंवा २००८ च्या कायद्याने आलेली राष्ट्रीय तपास यंत्रणा यांचे. ही मर्यादा लेखकाने पाळली असती, तर सगळे माहीत असूनही हात बांधलेला नायक मिळाला असता, आणि तो आताच्यापेक्षा कितीतरी रोचक ठरला असता. त्याला तीन ठिकाणी बहिर्जी नाईकांची उपमा दिली आहे, तीही मला रुचली नाही. ज्यांची समाधी आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर आहे, ते बहिर्जी सुरतेची खबर आणतात आणि ती थेट महाराजांच्या कानी जाते. मधे बारनिशी नाही. कादंबरीचा सगळा विषयच ती मधली बारनिशी आहे.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. नाकाबंदीवर उभा असलेला एक हवालदार या कादंबरीत अर्ध्या पानात येतो आणि मरतो. त्याला नाव नाही. आमच्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबरच्या त्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ असेच नाकाबंदीवर होते, त्यांच्या हातात फक्त लाठी होती, त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली आणि त्यामुळेच तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. वर कुठेतरी दोन टेबलांमध्ये अडकलेल्या कागदाची किंमत शेवटी रस्त्यावरचा माणूस चुकवतो, हे पूर्वार्ध लिहिणाऱ्या लेखकाला नक्की कळलेले आहे. ते त्याने अर्ध्या पानात का उरकले, हे मात्र मला कळले नाही.

हे सारे लिहिले तरी पुस्तक मी शेजाऱ्यांना वाचायला दिले आहे. मराठीत या विषयावर इतक्या अभ्यासाने लिहिणारा नवा माणूस आला, याचा आनंद आहेच.

आपला,
एक निवृत्त वाचक, सातारा

ता. क. : कथानक २००९ सालचे आहे आणि त्यात नायक पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या बोगद्यातून पाठलाग करतो. त्या वेळी तो बोगदा साताऱ्याहून पुण्याला जाणाऱ्या वाहनांसाठीच होता. येणाऱ्याला घाटच चढावा लागे. पुढच्या आवृत्तीत एवढी दुरुस्ती अवश्य व्हावी, नाहीतर नायक समोरून येणाऱ्या एसटीखाली सापडेल.