लिस्बनच्या सहलीत आल्जुबला अर्धा दिवस द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला लिस्बनवरचा लेख मी कापून कालनिर्णयच्या मागे खोचून ठेवला आहे. आम्ही दोघे येत्या एप्रिलात तिथे जात आहोत. २३ ला पोचायचे, २८ ला निघायचे, तिकिटे काढून झाली. लेख वाचायला गोड आहे, यात वाद नाही. पण त्याच्या भरवशावर निघालेला माणूस सोमवारी बंद दारासमोर उभा राहील. आणि तो गोव्यातला असेल, तर आणखी एका दारासमोरून काही न कळता पुढे निघून जाईल. माझे गाऱ्हाणे या दुसऱ्या दाराचे, म्हणजे आल्जुब नावाच्या जुन्या तुरुंगाचे आहे. पण आधी सोमवारचे उरकतो.

लेखात सोमवारी शहराच्या बेलें भागात जा, असे सांगितले आहे. तिथला जेरोनिमुसचा मठ सोमवारी बंद असतो. लिस्बनची बहुतेक सरकारी संग्रहालये सोमवारीच सुट्टी घेतात, गुल्बेंकियान संग्रहालय तेवढे मंगळवारी. आमच्या घरी सोमवार म्हणजे सौ.चा उपास, त्यामुळे दोन्ही अडचणी एकाच वारी आल्या आणि एकमेकींत मिटल्या. त्या दिवशी नुसते चालायचे, फळे खायची आणि नदीकाठी बसायचे. बेलें मंगळवारी. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला, त्याच्या अस्थी १५३९ साली मायदेशी नेल्या, आणि आज तो जेरोनिमुसमध्ये कोरीव थडग्यात आहे. त्याच्या नावाचे शहर आपण गोव्यात अजून चालवतो, तेव्हा दहा मिनिटे त्याला द्यायला हरकत नाही.

पैशांचे म्हणाल तर व्हिसाचे माणशी ९० युरो. मुक्कामावर माणशी दर रात्री ४ युरो पालिकेचा कर पडतो, म्हणजे आमच्या पाच रात्रींचे ४०. लेखात त्याचा उल्लेख नाही. हॉटेलच्या काउंटरवर पोचल्यावर तो कळला, की उगाच वाद होतात.

व्हिसाच्या कार्यालयातला प्रसंग सांगतो, कारण पुढच्या बोलण्याचा धागा तिथेच आहे. माझे कागद चाळता चाळता काउंटरवरच्या मुलाने जन्मतारीख पाहिली. जानेवारी १९६०. तो म्हणाला, "अंकल, तुमकां व्हिजा कित्याक? तुमचो पासपोर्टच जातलो." खरे आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे मुक्तीच्या, आधी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क मिळतो आणि हजारोंनी तो घेतला. लिस्बनला जातो म्हटले की डिचोलीच्या बाजारातही पहिला प्रश्न तोच येतो, "जन्म नोंदवायला का?" मी कुणाला नावे ठेवत नाही. माझा सख्खा भाचा त्याच पासपोर्टावर इंग्लंडात स्विंडनला गेला आणि दर महिन्याला आईला पैसे पाठवतो. मला स्वतःला मात्र पाहुणा म्हणूनच जायचे आहे, ९० युरो मोजून.

वडील १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहात इथल्या आग्वादच्या तुरुंगात होते. पत्रके वाटताना धरले गेले. त्याबद्दल ते फारसे बोलत नसत. पण बाहेरून कडी लागेल असे एकही दार त्यांनी आमच्या घरात ठेवले नाही. न्हाणीघराचीसुद्धा बाहेरची कडी त्यांनी स्वतः पान्याने काढली होती. स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे त्याच वर्षी पकडले गेले, पुढे त्यांना पोर्तुगालला नेले. गोवा मुक्त झाला तरी ते लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यातच होते, सुटले ते थेट जानेवारी १९६९ मध्ये. मी तेव्हा शाळेत होतो. बातमी ऐकून वडील बराच वेळ ओसरीवर एकटेच बसून राहिले, एवढे मला आठवते.

आता लेखातला दुसरा दिवस घ्या. "२८ नंबरच्या ट्रामने आल्फामातून फेरफटका, कॅथेड्रलजवळ फोटो, वर किल्ल्यावर सूर्यास्त." ही ट्राम कॅथेड्रलच्या पुढे लगेच ज्या जाड भिंतींच्या इमारतीसमोरून जाते, तिचे नाव आल्जुब. हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीतला राजकीय कैद्यांचा तुरुंग. तिथल्या अंधाऱ्या कोठड्या एवढ्या अरुंद होत्या, की झोपायची फळी खाली पाडली की पाय ठेवायला जागा उरत नसे. १९६५ साली तो बंद झाला आणि २५ एप्रिल २०१५ पासून तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचे संग्रहालय आहे. ज्या पोलिसांनी पोर्तुगालमधले विरोधक आत टाकले, त्यांच्याच राजवटीने आपली माणसे टाकली. तिथे जायला अर्धा दिवस पुरतो. सर्वात वरच्या मजल्यावर उपाहारगृह आहे, तिथून तेजू नदी दिसते. सौ.ची संमती याच खिडकीने मिळवून दिली.

काशियशचे तसे नाही. लिस्बनच्या काइश दु सोद्रे स्टेशनाहून काश्काइशला जाणारी लोकल त्या स्टेशनावर थांबते, पण वरचा किल्ला आजही तुरुंगच असल्याने आत जाता येत नाही. स्टेशनाजवळ समुद्रकाठी एक देखणा छोटा किल्ला आहे, तो सांव ब्रुनोचा. त्याचे फोटो काढून "रानडे इथे होते" म्हणून कुणी व्हॉट्सॲपवर पाठवू नयेत. आम्ही त्या स्टेशनावर उतरणार, पाच मिनिटे थांबणार, पुढची गाडी पकडणार. एवढ्यासाठी कशाला उतरायचे, असे मुलीने बंगळुरूहून फोनवर विचारले. मला तिला नीट सांगता आले नाही.

तिसऱ्या दिवसावरून मात्र घरात दोन संध्याकाळी गेल्या. लेखात सिंत्रा आहे, राजवाडे आणि धुके. रोसियुच्या स्टेशनावरून लोकलने जेमतेम पाऊण तास. सौ.ला तेच हवे होते. मला पेनिश हवे होते, उत्तरेला समुद्रात घुसलेल्या भूशिरावरचा किल्ला. १८ जून १९४६ ला सुरू झालेल्या गोवामुक्तीच्या चळवळीनंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांना तिथे ठेवले होते. पणजीत १८ जूनच्या नावाचा मोठा रस्ता आहे. पण त्या तारखेनंतर माणसे कुठे नेली, हे आपल्या मुलांना विचारून बघा. मी छत्तीस वर्षे शाळेत शिकवले आणि पेनिश नकाशावर एकदाही दाखवले नाही, तेव्हा मुलांना दोष देण्याचा अधिकार मलाही नाही. २०२४ च्या एप्रिलपासून त्या किल्ल्यात राष्ट्रीय संग्रहालय आहे.

सौ. म्हणाली, सुट्टीला जाऊन तुरुंग कसले बघायचे? बोलणे रास्त होते. आपणही पाहुण्यांना आग्वादचा दीपस्तंभ दाखवतो आणि खालच्या तुरुंगाच्या संग्रहालयाकडे न वळता कांदोळीला जेवायला नेतो. शेवटी तोडगा निघाला: सिंत्रा गळले, त्याच्या बदल्यात तिला फरशांचे संग्रहालय. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातल्या निळ्या आझुलेजु फरशा बघतच ती मोठी झाली. लिस्बनच्या संग्रहालयात १७५५ च्या भूकंपाआधीचे सगळे शहर एकाच लांबलचक फरशीचित्रात आहे. ते उघडे आहे ना, हे निघण्याआधी मुलगी बघून सांगणार आहे.

तारखा २३ ते २८ का, तेही सांगतो. २५ एप्रिलला तिथे सुट्टी असते. १९७४ मध्ये त्या दिवशी सैन्याने राजवट उलथली आणि लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोवली. दरवर्षी त्या दुपारी आव्हेनिदा द लिबेरदादवरून मोर्चा निघतो. गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले तेही त्यानंतरच, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरच्या करारात. २५ च्या सकाळी आम्ही कार्मूच्या चौकात असणार. सालाझारचा वारस कायतानु १९७४ च्या त्या दिवशी याच चौकातल्या बराकीत शरण आला. शेजारीच १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात छप्पर गेलेले मठाचे चर्च उभे आहे, ते पुन्हा छप्पर न घालता तसेच ठेवले आहे. जुन्या गोव्यातल्या सांत आगुस्तीनच्या बुरुजाची आठवण होईल, असे फोटोवरून वाटते.

राहिले गुडघे. शहर सात टेकड्यांचे म्हणतात आणि माझे दोन्ही गुडघे त्या सगळ्या मोजणार. सौ. चढावरच्या दोरीच्या ट्राममध्ये बसायला तयार नाही. ३ सप्टेंबर २०२५ ला ग्लोरियाच्या चढावर दोरखंड तुटून १६ माणसे गेली, तेव्हापासून तिच्यापुढे तो विषय काढायची सोय नाही. २८ ची ट्राम सकाळी गर्दीच्या आधी, मार्तीं मोनीझच्या सुरुवातीच्या थांब्यावरूनच पकडायची, आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवायचे. त्या ट्रामवरचे खिसेकापू प्रसिद्ध आहेत. आपला लेख त्यांच्याबद्दलही काही बोलत नाही.

सौ.ने पेनिशला एकच अट घातली आहे. किल्ल्यानंतर बंदरावर मासळी खायची, तारले मिळाले तर तारले, आणि जेवताना तुरुंगाचा विषय काढायचा नाही. मी कबूल केले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, डिचोली