तिकिटं काढली आहेत

लिस्बन, २० जानेवारी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं धाडस होत नाही, म्हणून लिहितेय. फोनवर आई नुसतं "बरं" म्हणते, बाबा फोन आईच्या हातात देतात आणि मला पुढचं सुचत नाही.

तुमची तिकिटं काढली आहेत. २ एप्रिलला निघायचं, १४ जूनला परत. रद्द केली तर पैसे मिळत नाहीत, हे मुद्दाम सांगतेय.

दुसरं म्हणजे, मी इथे घर घेतलंय. भाड्याचं नाही, घेतलंय. गेल्या महिन्यात सह्या झाल्या. आधी विचारायला हवं होतं, मान्य. पण विचारलं असतं तर बाबा "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाले असते, आणि त्या वाक्यानंतर आपल्या घरात आजवर कुणी काहीही केलेलं नाही. इथली भाडी तुम्हाला सांगितली तर आईचं ब्लडप्रेशर वाढेल. हप्ता जवळपास तेवढाच बसतो. शिवाय नोकरी पक्की आहे, आणि हे घर उद्या विकताही येतं. घर घेतलं म्हणजे वसई सुटली असं नाही. वरची खोली माझीच आहे, फक्त ती बंद ठेवू नका. खिडक्या उघडत जा, नाहीतर पावसाळ्यात माझ्या पुस्तकांना बुरशी धरते.

बाबांना आयसीयूत नेलं त्या रात्री मी दुबईच्या विमानतळावर सहा तास बसून होते. तेव्हा मनाशी ठरवलं होतं की परत यायचं. आल्यावर बाबांनी डोळे उघडून पहिलं काय विचारलं? "रजा किती दिवसांची आहे?" तेव्हापासून मी हा हिशोब मांडतेय आणि तो जुळत नाही. जुळेल तेव्हा जुळेल. तोवर तुम्ही इथे येऊन मी कुठे राहते ते बघा, एवढंच मागणं आहे.

आईसाठी आधी घराचं. दुसरा मजला, लिफ्ट आहे. हे शहर सात टेकड्यांचं म्हणतात, आणि आईचे गुडघे डोळ्यांसमोर ठेवूनच मी आल्फामासारखा चढ-पायऱ्यांचा सुंदर भाग सोडून आल्व्हालाडला घर बघितलं. १९४०च्या दशकात आखून वसवलेला, बराचसा सपाट भाग आहे. तुमच्या खोलीत सकाळचं ऊन येतं. बाथरूममध्ये इथल्या घरांत असतो तसा बिदे, म्हणजे बसून धुवायचं नळाचं भांडं, आहे, त्यामुळे आई, तुझी ती चिंता मिटली. तरी मी बादली आणि मग आणून ठेवलेत. बादलीला इथे 'बाल्द' म्हणतात. बटाट्याला बटाटाच, काजूला काजू, कोबीला 'कोव्ह'. भाजीबाजारात तू माझ्याआधी बोलायला लागशील. नळाचं पाणी पिता येतं, उकळत बसू नकोस. आणि कपडे इथेही खिडकीबाहेर दोरीवर वाळत घालतात. पहिल्यांदा ते बघून मी गल्लीत उभी राहून रडले होते.

डाळ-तांदूळ, हिंग, कढीपत्ता सगळं मार्तिम मोनिझला मिळतं, आमच्या हिरव्या मेट्रोने थेट. दिवहून मोझांबिकला आणि तिथून इकडे आलेल्या गुजराती लोकांनी बांधलेलं राधाकृष्णाचं मंदिरही आहे, तेव्हा एकादशीची सोय झाली. मासळीचं तर बोलायलाच नको. जूनमध्ये सांत आंतोनियूच्या सणाला गल्लीगल्लीत निखाऱ्यावर तारली भाजतात. धुराचा वास अगदी आपल्या कोळीवाड्यातला. खारवलेला बाकाल्याव मासा मात्र बाबांना आवडेल असं वाटत नाही. आपल्या सुकटीची चव त्याला नाही.

आता बाबा. तुम्ही चाळीस वर्षं पोरांना किल्ल्यात नेऊन तीच गोष्ट सांगितलीत. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ला चिमाजी अप्पांनी ती घेतली, आणि तिथून निघालेली घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळापर्यंत कशी पोचली. मला खांद्यावर बसवून फ्रान्सिस्कन चर्चमधल्या जमिनीतल्या शिळा दाखवायचात, आणि मी अक्षरांवर पाय पडू नये म्हणून तुमचे केस घट्ट धरायचे. त्या पोर्तुगीज अक्षरांचं गाव हे. इथे कार्मूचा मठ आहे, त्यालाही छप्पर नाही, कमानींतून नुसतं आकाश दिसतं. मी पहिल्यांदा आत गेले आणि वाटलं, बाबा आत्ता मागून ओरडतील, "भिंतीवर चढू नको."

ते छप्पर १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपात पडलं. सणाचा दिवस, सकाळची वेळ, माणसं प्रार्थनेला जमलेली. आधी जमीन हलली, मग नदीचं पाणी चढून आलं, आणि पडलेल्या मेणबत्त्या-चुलींनी कित्येक दिवस शहर जळत राहिलं. नंतर पोंबाल या मंत्र्याने खालचा भाग सरळ रस्त्यांनी नव्याने आखला. भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा बसवला, भूकंपात घर डोलावं पण पडू नये म्हणून. त्याची परीक्षा घ्यायला भोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं, असं इथले लोक सांगतात. वर्गात सांगायला तुम्हाला ही गोष्ट फार आवडली असती.

बेलेंला जेरोनिमुशचा मठ बघू. मिरी-दालचिनीच्या व्यापारावरच्या करातून तो उभा राहिला, आणि वास्को द गामा तिथेच पुरलाय. सोमवारी बंद असतो. तिथे मोठ्याने काही बोलायचं नाही, बाबा. घरी आल्यावर बोला. २५ एप्रिलला मात्र वाटेल तेवढं बोला. १९७४ साली त्या दिवशी इथली हुकूमशाही गेली आणि सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोवली. अजूनही त्या दिवशी माणसं लाल फुलं घेऊन रस्त्यावर उतरतात. आणि "परक्या देशात आपल्याला कोण विचारतो" हे पालुपद या खेपेला नको. ज्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं, ते आंतोनियू कॉश्ता आधी या शहराचे महापौर होते, नंतर आठ वर्षं देशाचे पंतप्रधान. घरचे त्यांना बाबूश म्हणतात.

आता नीट ऐका. चपला घालून यायचं नाही. इथले फूटपाथ छोट्या गुळगुळीत दगडांचे, पावसात तर काचच. रबरी तळाचे बूट घ्या, आजच घ्या, आणि दोन महिने घरात वापरून मऊ करा. २८ नंबरच्या पिवळ्या ट्रॅममध्ये मी सकाळी लवकर बसवेन, तेव्हा गर्दी कमी. बाबा, पाकीट मागच्या खिशात ठेवायचं नाही, ती ट्रॅम पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहे. हॉटेलात न मागता पाव आणि ऑलिव्ह आणून ठेवतात, ते फुकट नसतात. नको असतील तर हात लावायचा नाही. आई, तू पहिल्याच दिवशी लावणार, मला माहीत आहे. कस्टर्डच्या त्या पेस्ट्रीत अंड्याचा बलक असतो, सोमवारी खाऊ नकोस. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, म्हणून बाबांनी गोळ्या सूर्य बघून नाही, घड्याळ बघून घ्यायच्या. गोळ्यांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावाने डॉक्टरांकडून लिहून आणा, कंपनीच्या नावाने नको. दुबईला व्हीलचेअर सांगून ठेवली आहे, आणि दोघांनीही बसायचं. "मी चालतो" चालणार नाही.

संध्याकाळी काइश दु सुद्रेहून फेरीने पलीकडे काशिल्याशला जाऊ. दहा मिनिटांचा प्रवास. तुम्ही भाईंदरच्या रो-रोला जसे कठड्याला धरून उभे राहता, तसेच उभे राहाल. नदी इथे खाडीएवढी रुंद आहे, आणि वारा फार असतो. मफलर आणा, तपकिरी.

सुमाआत्याला अजून काही सांगू नका. मी स्वतः सांगेन.

घराची दुसरी चावी करून घेतली आहे. चावीला इथे 'शाव' म्हणतात, पण आमच्या दारामागे खिळ्याला टांगली आहे ती चावीच. त्या निळ्या डब्यातल्या लोकरीच्या गोंड्यात अडकवली आहे. हो, तो डबा मीच आणला होता. आई, दोन वर्षं शोधत होतीस ना?

तुमचीच,
छकुली

ता. क. आई, हापूस आणायचा नाही. ताजी फळं, तूप, पेढे, काहीही विमानतळावर काढून घेतात. गोवा घेणाऱ्या ज्या अफोन्सो द आल्बुकेर्कच्या नावाचा तो आंबा म्हणतात, त्याचा पुतळा बेलेंला उंच खांबावर उभा आहे आणि आंब्याला मात्र दारातूनच परत पाठवतात. साड्यांच्या घड्यांत चार लपवायचा विचार तुझ्या मनात आत्ताच आलाय. नको.