मा. गृहमंत्री, तक्रार घ्या, पण ते बारा शब्द मागू नका

मा. गृहमंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्यातून माझ्या साडूंची तक्रार ‘अपूर्ण’ असा शेरा मारून परत आली. त्यांच्या क्रिप्टो वॉलेटच्या (बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी ठेवायच्या पाकिटाच्या) रिकव्हरी फ्रेजचे, म्हणजे ते पाकीट उघडणाऱ्या किल्लीचे, बारा शब्द तीत लिहिलेले नव्हते, म्हणून अपूर्ण. लिहू नका असं मीच त्यांना सांगितलं होतं. उद्या विचारलं तरी तेच सांगेन.

साडू पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षबागायतदार. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजवर जवळपास दोन हजार कोटींचा दरोडा पडला, तेव्हा त्यांनी धसका घेतला आणि दुसऱ्या एका एक्स्चेंजवरची आपली नाणी काढून मोबाइलमधल्या स्वतःच्या वॉलेटात आणली. मग टेलिग्रामवर कुणी ‘सपोर्ट’वाला भेटला. व्हेरिफिकेशन राहिलंय म्हणाला, लिंक दिली. त्या पानावर बारा चौकोन होते, साडूंनी ते भरले. चहा संपायच्या आत वॉलेट कोरडं ठाक. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेलं दुसरं वॉलेट तेवढं वाचलं, कारण त्याचे शब्द वेगळे होते.

आता ठाण्यातलं ऐका. टेबलावरच्या साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाले, “दोन्ही वॉलेटचे शब्द लिहा, पुरावा लागतो.” मी म्हटलं, जे लुटलं त्याचे शब्द चोराकडे आहेतच, पण दुसऱ्याचे कशाला? “तपासाला. लपवायचं काय आहे त्यात?” वर सल्ला असा, की कागदाचा फोटो बाहेरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप करा, तो तीन प्रती काढून देईल. त्या झेरॉक्सवाल्याच्या काउंटरवर आधी येऊन गेलेल्यांची आधार कार्डं पसरलेली होती. मी हटत नाही म्हटल्यावर साहेबांनी तोड काढली, “मग उलटसुलट लिहा ना!”

महोदय, त्या तोडीचा हिशेब मी घरी येऊन केला. बारा शब्दांचा क्रम ४७ कोटी ९० लाख प्रकारे लावता येतो. आकडा मोठा वाटतो, पण संगणकाला तो किरकोळ आहे. शब्दच ठाऊक नसतील तर मात्र गोष्ट वेगळी. बीआयपी-३९ नावाच्या, २०१३ पासूनच्या पद्धतीत २०४८ शब्दांची ठरलेली यादी असते, तीतून वॉलेट बारा किंवा चोवीस शब्द निवडतं. बारा शब्दांच्या शक्यता म्हणजे साधारण ३४० वर ३६ शून्यं. तिथे जगातले सगळे संगणक हात टेकतात. म्हणून चोर गणित करत बसत नाही, तो सरळ माणसाला विचारतो. आणि तेच तुमचं ठाणं करतं.

पिन त्या फोनपुरता असतो. हे बारा शब्द म्हणजे सही केलेला कोरा चेक. ज्याच्या हाती पडतील तो जगात कुठूनही, स्वतःच्या फोनवर, ते वॉलेट उघडतो. मग शाखा व्यवस्थापक नाही, पासवर्ड बदलणं नाही, गेलेला व्यवहार मागे फिरवणं नाही. म्हणूनच ते कागदावर नाहीतर धातूच्या पट्टीवर लिहून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायचे असतात. फोटो काढायचा नाही, ईमेलवर ठेवायचे नाहीत, आणि मागेल तो चोरच समजायचा. हा शेवटचा नियम तुमच्या ठाण्यात पाळायचा की नाही, एवढं कळवा.

पोलिसांवर विश्वास ठेवा म्हणाल. पुण्यात २०१८ च्या बिटकॉइन घोटाळ्याच्या तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आरोप असा, की आरोपींच्या वॉलेटमधली नाणी त्यांनीच वळवली. ही तुमच्याच खात्याची कारवाई आहे, माझी कुचाळकी नव्हे.

माझं म्हणाल तर सातपूरला कंपनीत शिफ्ट असते. या भानगडीत रजा गेल्या, बीपीची गोळी अर्धीची एक झाली. घरी मेहुणीचं रडणं, आणि बायको म्हणते, तुम्ही मध्ये पडलात म्हणून तक्रार फेटाळली! लिहून दिलं असतं तर शेरा टळला असता आणि लग्नाचे पैसेही गेले असते, हे तिला कोण समजावणार?

कॉलेजातल्या जनजागृतीच्या कार्यक्रमात एका अधिकाऱ्यांनी टाळ्या घेत सांगितलं होतं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पैसे जागीच गोठवू. केला. तिकडून बँक खातं विचारलं. बँक मध्ये असेल तिथे तो नंबर खरंच उपयोगी आहे, इथे मध्ये बँकच नाही. हे त्या कार्यक्रमात कुणी का सांगितलं नाही?

कर मात्र चुकत नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, वर सेस. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून विक्रीवर एक टक्का टीडीएस. आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करायचा नाही. कर दिल्लीचा, पोलीस तुमचे, मग आम्ही कुणाचे? डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद करता आली. लासलगावला ट्रॅक्टर उभे राहिले, तेव्हा परिपत्रक घरोघर पोचलं होतं. सिंहस्थाच्या नावाने शहर खणायलाही कुणाला अडचण नाही. एका पानाच्या सूचनेलाच तेवढा मुहूर्त मिळत नाही.

ती सूचना अशी काढा: रिकव्हरी फ्रेज कुणीही, पोलिसांनीसुद्धा, तक्रारदाराकडे मागायची नाही. तपासाला वॉलेटचा पत्ता, ट्रान्झॅक्शन हॅश (म्हणजे व्यवहाराचा क्रमांक), वेळ, ती लिंक आणि चॅटचे स्क्रीनशॉट घ्यायचे. पैसे कुठून कुठे गेले हे त्यावरून कुणालाही दिसतं, शब्द लागत नाहीत. जप्तीत असा कागद सापडला तर पंचांसमोर तो मोठ्याने वाचून दाखवू नये, हेही लिहा. मला हसू येतंय, पण लिहा.

आणि आमच्या तक्रारीवर ‘अपूर्ण’ लिहिलंय, त्याखाली काय अपूर्ण आहे ते सहीशिक्क्यानिशी लिहून द्यायला सांगा. साडू सोमवारी परत ठाण्यात जाणार आहेत. शब्द घरीच राहतील.

आपला,
एक करदाता, सातपूर, नाशिक