तेलाचा भाव पाहून शाखा निवडू नका

संपादक महोदय,
स. न.

आपल्या करिअर पुरवणीत तेल आणि वायू उद्योगातील अभियंत्यांच्या संधींवरचा लेख वाचला. पगाराचे आकडे ठळक होते, हेल्मेट घातलेल्या तरुणाचा फोटो त्याहून ठळक. मात्र प्रवेश घेतानाचा तेलाचा भाव नोकरी शोधताना तसाच राहील याची काहीच खात्री नसते, हे कुठे दिसले नाही.

२०१२ मध्ये कच्चे तेल पिंपामागे १०० डॉलरच्या वर होते. ते पाहून पेट्रोलियम शाखा घेतलेला मुलगा ४ वर्षांनी बाहेर पडला, त्या २०१६ च्या जानेवारीत भाव ३० डॉलरच्या खाली आला होता. भाव कोसळला की कंपन्यांची कात्री आधी नव्या विहिरींवर चालते आणि ड्रिलिंगमधली भरती थंडावते. २० एप्रिल २०२० रोजी तर अमेरिकी तेलाचा वायदे बाजारातला (पुढच्या तारखेच्या सौद्यांचा) भाव चक्क शून्याखाली गेला.

म्हणून बारावीनंतर लगेच इतकी अरुंद वाट धरू नये, असे माझे मत आहे. या उद्योगाला मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशनचे अभियंतेही लागतातच. पंप, कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह यांची जाण असलेल्याला मंदीत खत कारखाना किंवा वीजकेंद्राचे दार तरी ठोठावता येते. भूगर्भातल्या तेलसाठ्याचा अभ्यास पदव्युत्तर शिक्षणातही करता येतो.

प्रत्यक्ष कामाबद्दलही लिहायला हवे होते. विहीर खोदताना आत सोडतात त्या चिखलाचेच घ्या (रिगवर, म्हणजे खोदकामाच्या यंत्रणेवर, त्याला ‘मड’च म्हणतात). तो हलका पडला तर खालचा वायू विहिरीत घुसतो. फार जड झाला तर खडक फुटतो आणि मड भेगांत निघून जाते. या दोन टोकांमध्ये घनता राखायची, तीही पहाटे ३ वाजता, घरापासून लांब, सलग १२ तासांच्या पाळीत.

कागदपत्रांचे कामही तितकेच जोखमीचे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू काढणाऱ्या प्लॅटफॉर्मवर दुरुस्तीसाठी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता. ही माहिती रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच सुरू केला. गळती, स्फोट, आग, आणि १६७ बळी. पाळी बदलताना नीट माहिती देणे-घेणे हे कारकुनी काम नव्हे, हे महाविद्यालयात किती ठिकाणी शिकवतात?

पुढच्या पुरवणीत पाळीत काम करणाऱ्या एखाद्या अभियंत्याकडून लिहून घ्यावे. आणि मुलाखतीला जाणाऱ्यांनी पगारासोबत एवढे जरूर विचारावे: धोका दिसला तर काम थांबवायचा अधिकार नवख्या अभियंत्याला आहे का, आणि तो शेवटचा कधी वापरला गेला?

आपला,
एक वाचक