बाबांची यादी आणि माझा नकाशा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला लागलं की आपलं भांडण होतं, म्हणून लिहितेय. रविवारी मी म्हटलं, फोनमधली ॲप्स आपली माहिती उचलतात, तर बाबा म्हणालात, "आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? बघेनात का!" आणि मी फोन ठेवून दिला. मोबाइल आपटताही येत नाही, नाहीतर आपटलाच असता.

मागच्या वेळी आले होते तेव्हा तुमचं ते शब्दकोड्याचं ॲप उघडून पाहिलं होतं. त्याला काँटॅक्ट्स, लोकेशन आणि माइक, तिन्हींची परवानगी! उभे-आडवे शब्द भरायला माइक कशाला हो? तर म्हणे, "अलाऊ दाबल्याशिवाय पुढेच जात नव्हतं." जातं, बाबा. नकार दिला तरी बहुतेक ॲप्स निमूट चालतात.

तुमच्या यादीत ४१२ नावं आहेत. 'प्लंबर जुना', 'प्लंबर नवा', आईचे डॉक्टर, माझ्या दोन मैत्रिणी, आणि आत्याचा नंबर, जो ती गेल्यावरही तुमच्याने काढवत नाही. तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नसेलही. पण त्या मैत्रिणींना, डॉक्टरांना कुणी विचारलं? यादी तुमच्या फोनमध्ये आहे, म्हणून ती सगळी तुमची होत नाही.

केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण २०१८ मध्ये गाजलं, ते नेमकं असंच होतं. फेसबुकवर स्वभावचाचणीचं एक ॲप होतं. ते घेतलं सुमारे २,७०,००० लोकांनी. माहिती मात्र ८.७ कोटी लोकांपर्यंतची गेली असावी, असं खुद्द फेसबुकने सांगितलं. कारण तेव्हा ॲप घेणाऱ्याच्या मित्रांचीही माहिती उचलता यायची. बाकीच्या कोट्यवधींनी कुठलंच बटण दाबलं नव्हतं. त्यांचा कुणी मित्र 'माझा स्वभाव कसा' ते बघत बसला होता, एवढंच. आणि ती माहिती पोचली निवडणुकांचा प्रचार आखणाऱ्या कंपनीकडे. तिच्या जोरावर किती मतं फिरली यावर अजून वाद आहेत, आणि मला त्यात शिरायचं नाही. न विचारता घेतली, एवढं मला पुरेसं आहे.

प्रचारावरून आठवलं. बाबा, तुमचं राजकारण मला पटत नाही, माझं तुम्हाला पटत नाही, त्याचं काही नाही. पूर्वी जेवताना आपण तासभर भांडायचो आणि तुम्ही मुद्दा काढलात की मला गप्प बसावं लागायचं. आता तुमच्याकडून मुद्दा येत नाही, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड येतो. वर दोन बाण दिसले की समजायचं, तो पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरून आलाय. २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. तरी तुम्ही एकेक करून आम्हा सगळ्यांना पाठवता. चिकाटीला दाद देते! पण खाली तुमची स्वतःची एक ओळ असू द्या. चिडकी असली तरी चालेल. मला तुमच्याशी भांडायचंय, ज्याने तो मजकूर लिहिला त्याच्याशी नाही.

आता आईसाठी. हे लिहायला चार दिवस टाळाटाळ केली.

गेल्या खेपेला "फोन जरा नीट करून देते" म्हणून मी तुझा फोन घेतला होता. तेव्हा मॅपमध्ये तुझं लोकेशन माझ्याशी शेअर करून ठेवलं, 'बंद करेपर्यंत' असा पर्याय निवडून. तुला पुसटसं काहीतरी बोलले असेन, विचारलं नाही. मग मीटिंगमध्ये कंटाळा आला की मी नकाशा उघडायची आणि तुझा ठिपका बघायची. एकदा सहज बोलून गेले, "आज बागेतून यायला उशीर झाला वाटतं?" तू जरा थांबलीस, मग "हो" म्हणालीस. बाकी काही नाही.

परवा दादा म्हणाला, "आई हल्ली फोन घरी ठेवून फिरायला जाते."

म्हणजे वाटेत पाय घसरला तर तुझ्याजवळ फोनच नाही. हे माझ्या काळजीचं फळ. बाबांच्या कोड्याच्या ॲपला नावं ठेवताना माझा स्वतःचा ठिपका बघण्याचा उद्योग मला आठवलासुद्धा नाही.

तर आई, मॅप उघड, वर कोपऱ्यात तुझा फोटो आहे तो दाब, मग 'लोकेशन शेअरिंग'. तिथे माझं नाव दिसेल, ते बंद कर. मी इथून तुझा ठिपका माझ्या नकाशावर लपवू शकते, पण मुद्दाम लपवत नाही. तुझ्या हाताने जाऊ दे. पुढेमागे तुला स्वतःला वाटलं, तर तासाभरासाठी सुरू करता येतं. नाही वाटलं तर नको. फोन मात्र पिशवीत ठेव.

एक राहिलं. हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. माझ्या आवाजात घाबऱ्याघुबऱ्या पैशांची मागणी आली, तर विचारा, "लहानपणी मांजराचं नाव काय ठेवलं होतंस?" नाव इथे लिहीत नाही.

बाबा, आत्याचा नंबर काढू नका.

तुमची भांडखोर लेक