धुरीघरापाशी दिवसभर उभ्या राहिलेल्या ताईंना

ताई,

सादर नमस्कार.

हे पत्र नुसतं तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुम्ही मला जे शिकवलंत ते घरी धुरीघर बांधून सॉसेजला, म्हणजे आतड्यात भरलेल्या खिम्याला, धुरी देऊ पाहणाऱ्या कुणाच्याही कामाचं आहे, आणि ते मला तुमच्याकडून मिळालं हे चारचौघांत सांगावं असं मनापासून वाटतं.

सुरुवात त्या नऊ किलो सॉसेजपासूनच करतो. तुम्ही आलात तेव्हा संध्याकाळ झाली होती. सॉसेज बाहेरून तांबूस दिसत होती, वास सुंदर सुटला होता, आणि माझी मुलगी ताटली घेऊन उभी होती. तुम्ही तीनच गोष्टी विचारल्यात. किती तास टांगली आहेत? तेवढ्या वेळात आत किती तापमान होतं? मिठाबरोबर काय घातलंस? मी खरं ते सांगितलं. सकाळी आठला टांगली, लाकूड ओलसर निघालं म्हणून दुपार उलटेपर्यंत काटा चाळिसाच्या आसपासच घुटमळत होता, आणि घातलं ते साधं मीठ. तुम्ही मुलीच्या हातातली ताटली हळूच काढून घेतलीत आणि म्हणालात, "हे कुणीही खायचं नाही. सगळं टाकून दे."

मला राग आला होता, ताई. मी म्हटलं, मग चांगलं उकळून घेऊ. तुम्ही न चिडता समजावलंत. 4 ते 60 अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. अखंड मांसावर जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात, खिमा केला की ते पार मधोमध जाऊन बसतात. उकळल्याने जंतू मेले तरी त्यांनी आधीच सोडलेलं विष जाईलच असं नाही. स्टॅफिलोकोकस नावाच्या जंतूचं विष उकळूनही टिकतं. आणि सॉसेजच्या पोटात प्राणवायू नाही, ओल आहे, ऊब आहे, म्हणजे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला हवं ते सगळं आयतं. त्या आजाराचं नावच मुळी 'बोट्युलस' या सॉसेजच्या लॅटिन शब्दावरून पडलं, आणि युस्टिनस केर्नर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1820 आणि 1822 मध्ये सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेवर सविस्तर लिहून ठेवलं होतं, हे तुम्ही तिथेच, डोळ्यांत धूर जात असताना सांगितलंत. नऊच्या नऊ किलो आपण दोघांनी मिळून खड्ड्यात पुरले. त्या रात्री मला झोप आली नाही. तुम्ही अर्धा तास उशिरा आला असतात तर ती ताटली भरलेली असती, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आता तो जंतू वाढू नये म्हणून मी नायट्राइटचं मीठ वापरतो. 6.25 टक्के नायट्राइट असलेलं, साध्या मिठापासून वेगळं ओळखू यावं म्हणून गुलाबी रंगवलेलं. एक किलो मांसाला अडीच ग्रॅम, चमच्याने नाही तर ग्रॅमच्या काट्यावर तोलून. त्यापेक्षा जास्त झालं तर तेही विषच, हे तुम्ही दोनदा बजावलं होतंत. बाजूला कागदावर लिहून चिकटवलंय.

पण माझं खरं दुखणं तापमानाचं होतं, आणि त्यासाठी तुम्ही पुढच्या सुट्टीच्या दिवशी स्वतःहून पुन्हा आलात. पिशवीत तारेचे दोन थर्मामीटर आणि डब्यात बर्फ.

माझं धुरीघर म्हणजे माणसाच्या उंचीची लाकडी पेटी. तळाशी निखाऱ्यांची शेगडी, वर आडव्या काठ्या, छपरातून निघालेलं धुराडं, आणि दाराच्या मधोमध गोल तबकडीचा थर्मामीटर. मी त्या तबकडीवरून नजर हलवत नसे. काटा खाली आला की लाकूड घाल, वर गेला की दार उघड. तुम्ही आधी ती तबकडी उपसून घेतलीत आणि ठेचलेल्या बर्फात थोडं पाणी घालून त्यात तिचं टोक बुडवलंत. शून्य दाखवायला हवं होतं, काटा सहावर थांबला. उकळत्या पाण्यातही तपासता येतं, पण उंचावरच्या जागी पाणी शंभराच्या आधीच उकळतं, म्हणून बर्फाची चाचणी जास्त भरवशाची, असं तुम्ही म्हणालात. तेव्हापासून दर खेपेला आधी बर्फ, मग आग.

मग तुम्ही रिकाम्या पेटीत एक तार मागच्या भिंतीजवळ सोडलीत आणि दुसरी दाराजवळ, दोन्ही सॉसेज जिथे टांगतो त्याच उंचीवर. अर्ध्या तासाने मागची तार 84 दाखवत होती आणि दाराजवळची 57. दारातल्या तबकडीवर तेव्हा 62 होते. एकाच पेटीत, एकाच वेळी सत्तावीस अंशांचा फरक! आच मागच्या भिंतीला धरून वर जात होती, आणि दाराच्या फटीतून शिरणारा गार वारा तबकडीच्या टोकाशी खेळत होता. माझी मागची सॉसेज दर वेळी चरबी गाळून कोरडी का पडायची आणि पुढची आतून गुलाबी, लिबलिबीत का राहायची, याचा उलगडा त्या दोन आकड्यांनी केला. मी वर्षभर आगीला दोष देत होतो. तुम्ही विचारलंत, "सॉसेज कुठे आहे? मग तू मोजतोस कुठे?" हा प्रश्न मी आजही दर वेळी स्वतःला विचारतो.

त्यानंतर जे बदल केले त्यांचा खर्च फार नव्हता, विचार मात्र सगळा तुमचा होता. शेगडीच्या वर वीतभर अंतरावर जाड लोखंडी पत्रा आडवा बसवला, चारही कडांना बोटभर जागा सोडून, म्हणजे आच एका जागी न उसळता सगळीकडून वर येते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घेऊ नकोस, तापला की त्याचा धूर अंगाला बाधतो, हेही तुम्ही वेळेवर सांगितलंत. पत्र्यावर विटांचा एक थर ठेवला. विटा तापायला वेळ लागतो, पण एकदा तापल्या की दार उघडलं तरी तापमान पटकन कोसळत नाही आणि लाकूड जरा जास्त पडलं तरी एकदम उसळी मारत नाही.

सगळ्यात मोठा बदल पुढच्या महिन्यात झाला. तुमचं म्हणणं होतं की धूर आणि आच ही दोन वेगळी कामं आहेत आणि मी ती एकाच आगीकडून करून घेतोय. धूर हवा असेल तर भुसा मंद धुमसायला हवा, आच हवी असेल तर आग फुलायला हवी; एकाच शेगडीत दोन्ही साधताना एक तरी बिघडतंच. म्हणून आता भुसा बाहेरच्या लहान लोखंडी डब्यात धुमसतो आणि धूर नळीतून आत येतो. आतली आच विजेच्या शेगडीची, आणि ती चालू-बंद करणाऱ्या यंत्राची तार सॉसेजच्या शेजारी लोंबते, मांसाला किंवा भिंतीला न टेकता. विजेच्या शेगडीच्या स्वतःच्या बटणावर विसंबू नकोस, त्याला तव्याची धग कळते, पेटीतल्या हवेची नाही, हे तुमचं वाक्य खरं ठरलं. शेगडी बंद झाल्यावरही तवा बराच वेळ आच सोडत राहतो, म्हणून मी यंत्रावर आधी पाच अंश कमी ठेवतो आणि काटा कुठे स्थिरावतो ते पाहूनच वाढवतो. माझं स्वतःचं मत असं झालंय की घरी करणाऱ्याने बाकी काही केलं नाही तरी धूर आणि आच वेगळी करावीच. लाकडाच्या जातींवर लोक तासन्‌तास बोलतात; राळ नसलेलं, रंग किंवा डिंक न लागलेलं, वाळलेलं कठीण लाकूड असलं की माझ्या मते पुरे.

धुराडं बंद करून ऊब धरून ठेवायची माझी सवय तुम्ही मोडलीत, त्याबद्दल वेगळे आभार. धूर कोंडला की वाफही कोंडते, ती भिंतींवर काळी होऊन ओघळते आणि सॉसेजला कडवट, घशात खवखवणारी चव येते. वरची झडप मोकळी ठेवायची आणि आग राखायची ती खालच्या हवेच्या झडपेने, तीही एका वेळी अर्धं बोट सरकवून, मग दहा मिनिटं हात न लावता. ती दहा मिनिटं मला सुरुवातीला फार जड जायची. तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसलात म्हणून मी थांबलो.

आता माझा क्रम तुम्ही आखून दिलेलाच आहे. पहिला तास 52 ते 55 अंश, धूर नाही, वरची झडप पूर्ण उघडी, बोट लावल्यावर आतडं कोरडं लागेपर्यंत. ओल्या आतड्यावर धूर धरला की डाग पडतात आणि चव आंबूस होते. मग 60 वर दोन तास धूर. त्यानंतर अर्ध्या-अर्ध्या तासाने पाच-पाच अंश चढवत 75 पर्यंत. 80 ची वेस ओलांडायची नाही, कारण तिथे चरबी मांसातून सुटून आतड्याखाली साचते आणि मागे उरतो तो भुसभुशीत चोथा. एका जाड सॉसेजच्या टोकातून लांबीच्या दिशेने थर्मामीटरची सळी मध्यापर्यंत घालून ठेवतो. मध्यभागी 71 आले की काम झालं, कोंबडीचं असेल तर 74.

आणि मधला तो थांबा! सॉसेजच्या मध्यभागी साठ-बासष्ट झाले की आकडा हलेनासा होतो. पूर्वी मी इथेच घाबरून आग वाढवायचो. तुम्ही सांगितलंत की ओल्या अंगावरून वारा गेला की थंडी वाजते तसंच आहे हे. मांसातलं पाणी वाफ होऊन जाताना आच सोबत घेऊन जातं, म्हणून पेटी तापलेली असली तरी आत चढ दिसत नाही. रंग हवा तसा आला असेल तर पेटीत रेटत बसायचं नाही. आता मी अशा वेळी सॉसेज उतरवून 75 ते 80 अंशांच्या पाण्यात सोडतो आणि सळीने मध्यभागी 71 दिसेपर्यंत ठेवतो. पाणी हवेपेक्षा कितीतरी जोरात उष्णता पोचवतं, बारीक सॉसेजला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. बाहेर काढून लगेच बर्फाच्या पाण्यात, नाहीतर सालीला सुरकुत्या पडतात.

तुम्ही दिलेली वही अर्ध्याहून जास्त भरली आहे. वेळ, मागची तार, पुढची तार, सॉसेजचा मध्य, झडप किती बोटं, वारा कुठून, एवढंच लिहितो. शेवटच्या खेपेला मागे 74 आणि पुढे 71 होते. चरबीचा एक थेंब पत्र्यावर पडला नव्हता. कापल्यावर मध्यापर्यंत एकसारखा रंग होता. पहिला तुकडा मुलीने घेतला, पण त्याआधी तिने मला विचारलं, "बाबा, आत किती अंश झाले होते?" मी तिला वही दाखवली.

एक अडचण राहिली आहे. डाव्या कोपऱ्यातली काठी अजून चार अंश थंड पडते. पत्र्याची त्या बाजूची फट वाढवून पाहिली, फरक पडला नाही. नळीचं तोंड त्याच बाजूला आहे, बाहेरून येणारा धूर गार असतो, म्हणून तसं होत असावं असा माझा अंदाज आहे. पुढच्या खेपेला नळी मधोमध आणून पाहणार आहे. त्याआधी तुम्ही येऊन एकदा नजर टाकलीत तर बरं होईल. खुर्ची आहे तिथेच आहे, आणि या वेळी बर्फ मी आणून ठेवतो.

तुमचा कृतज्ञ,
वहीवाला धाकटा भाऊ